शेगडीमागची जागा

गेनॉर हेस्केथच्या हातून हजारो घरं विकली गेली. त्यातलं एकही तिनं आतून पाहिलं नव्हतं.

हे तिनं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती थट्टा करतेय असं वाटलं. आम्ही बाजारामागच्या बाकावर बसलो होतो. ती चीज-कांदा भरलेली भाजकी पेस्टी खात होती आणि चुरा कबुतरांना टाकत होती.

"घर बघून काय करू?" ती म्हणाली. "भिंतीचा रंग माझ्या कामाचा नाही. हद्द कुठे आहे, गटार कुणाचं आहे, मागच्या गल्लीतून कुणाला जायचा हक्क आहे, एवढं कळलं की झालं."

"कधी वाटलंही नाही?"

"वाटायला वेळ लागतो, पोरी."

ती घरांची वकील होती. इंग्लंडमधल्या ॲक्रिंग्टन गावात बाजाराजवळ एका जुन्या फर्मच्या वरच्या मजल्यावर बसायची. मी शेजारच्या एजन्सीत घरं दाखवायचं काम करायचे. मी वाङ्मयात पदवी घेतली होती. गावात त्या पदवीचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. आमचा मालक हॉवर्ड गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही आमची इमोजेन. कादंबऱ्या शिकून आलीय. घराचं वर्णन वाचा, डोळ्यांत पाणी येईल."

विकलेल्या घरांच्या किल्ल्या माझ्या ड्रॉवरमध्ये असत. घेणाऱ्याचे पैसे गेनॉरकडे पोचले की ती फोन करायची. "इमोजेन, किल्ल्या सोड." एवढंच. तो फोन येईपर्यंत घर जुन्या मालकाचं. फोन ठेवला की नव्याचं. वर्षभर मी फक्त तो आवाज ओळखत होते. बसका, संथ, प्रत्येक शब्द जिन्यानं चढून आल्यासारखा. एकदा मी किल्ल्यांची चूक केली आणि माफी मागायला वर गेले. कागदांच्या ढिगाऱ्यामागे एक बुटकी बाई बसली होती. चष्मा कपाळावर, दुसरा चष्मा गळ्यात. ती म्हणाली, "बस. बिस्किट खा. चुका काय, रोज होतात."

तेव्हापासून आमची मैत्री. ती एकसष्ट वर्षांची, मी पंचवीसची. लोक तिला मिस हेस्केथ म्हणत. मला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नावानं हाक मार. दिवसभर मिस हेस्केथ ऐकून मला माझंच नाव विसरायला होतं."

ती थकलेली होती. आजारी नव्हती, दुःखी नव्हती. थकलेली होती. शुक्रवारी सगळ्यात जास्त. कारण सगळ्यांना घर शुक्रवारीच बदलायचं असतं. पुढे शनिवार-रविवार मिळतो, खोकी उघडता येतात. म्हणून शुक्रवारी एकाचं घर दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, अशी साखळी लागते. सगळ्यांचं सामान सकाळपासून व्हॅनमध्ये. खालच्याचे पैसे आल्याशिवाय वरचा हलत नाही. मधे कुठेतरी एखाद्या बँकेत कुणीतरी जेवायला गेलेलं असतं. आणि सगळे गेनॉरला फोन करतात.

"लोक मला काय काय म्हणतात ना," ती एकदा म्हणाली. "परवा एकजण म्हणाला, तुम्ही पाषाणहृदयी आहात. मी म्हटलं, साहेब, मी दुसऱ्या पक्षाची वकील आहे. तुम्ही चुकीचा नंबर लावलाय. तर म्हणाला, मग तुम्हीही पाषाणहृदयी."

ती स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "संध्याकाळी घर हा शब्दच नको वाटतो." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि मी वाचलेत ना सगळे कागद. कुठल्याही घरात काय काय निघू शकतं ते मला माहीत आहे."

*

मिसेस ऑर्मरॉडचं घर मीच दाखवलं होतं. मिलहाऊस टेरेसमधलं शेवटून दुसरं. दगडी, अरुंद, मागे फरसबंद अंगण. म्हातारी एकटी राहायची. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. दार नेहमी तिचा मुलगा क्लाइव्ह उघडायचा. तो पीटरबरोला राहायचा आणि घर दाखवायच्या दिवशी मुद्दाम गाडी चालवत यायचा. आईसाठी त्यानं आपल्या गॅरेजची खोली केली होती.

"जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप टाकलेत," तो प्रत्येकाला सांगायचा. घर बघायला आलेल्यांनासुद्धा. "इथे तिला जिना चढवत नाही. तिथे सगळं एका पातळीवर."

म्हातारी स्वयंपाकघरात बसलेली असायची. सगळ्यांना चहा विचारायची. सगळे नको म्हणायचे.

घर नाझिया आणि फैसलनं घेतलं. तरुण जोडपं, सोबत फैसलची आई. आधी छोट्या फ्लॅटमध्ये राहत होते. ऑक्टोबरमधला एक शुक्रवार ठरला. दुपारी एक वाजता घर रिकामं करून द्यायचं, असं करारात लिहिलेलं.

त्या शुक्रवारी साखळी छान चालली होती. नाझियाचा फ्लॅट सकाळीच दुसऱ्यांचा झाला. त्यांची व्हॅन भरून मिलहाऊस टेरेसच्या कोपऱ्यावर उभी होती. सासूबाई व्हॅनमध्ये, पुढच्या सीटवर. नाझिया आणि फैसल आमच्या एजन्सीत माझ्या टेबलासमोर.

"आल्या का किल्ल्या?" फैसलनं विचारलं.

"किल्ल्या आहेत. फोन यायचाय."

"म्हणजे किल्ल्या इथेच आहेत?"

"ड्रॉवरमध्ये."

"म्हणजे किल्ल्या ड्रॉवरमध्ये, आणि माझी आई व्हॅनमध्ये."

"हो."

"कमाल देश आहे," तो म्हणाला.

"तू इथेच जन्मलास," नाझिया म्हणाली. "दवाखाना इथून दिसतो. गप्प बस."

एक वाजून गेला. हॉवर्डनं त्यांना चहा दिला. त्यांनी घेतला. मग दार उघडलं आणि गेनॉर आत आली. अंगात कोट. मी तिला शुक्रवारी कधी खुर्चीबाहेर पाहिलं नव्हतं.

तिनं नाझियाकडे पाहिलं, फैसलकडे पाहिलं. ओळख दिली नाही. ते दुसऱ्या पक्षाचे, त्यांचा वकील वेगळा.

"तुझी गाडी कुठेय?" तिनं मला विचारलं.

हॉवर्डनं तोंड उघडलं. तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं ते मिटलं.

*

गाडीत ती पट्टा लावायला विसरली. मी आठवण केली.

"पैसे आलेत," ती म्हणाली. "बाराच्या सुमारास आले. मी फोन करणार तेवढ्यात मुलाचा फोन. आई स्वयंपाकघरात आतून कडी लावून बसलीय. बाहेर येत नाही."

"मग?"

"मग काही नाही. सामान व्हॅनमध्ये आहे. ती आत आहे. मुलगा म्हणतो, तुम्ही तुमचा फोन करा, किल्ल्या देऊन टाका, मी बघतो तिचं. तो काय बघणार ते मी विचारलं नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्यावर वाऱ्यानं कुणाचीतरी छत्री उलटी केली होती.

"इमोजेन, मी त्या बाईला कधी भेटलेले नाही."

"तू कुणालाच भेटत नाहीस."

"तिच्या सहीचे कागद मुलानं पाठवले. ओळखीचा पुरावा मुलानं पाठवला. प्रश्नांची उत्तरं मुलानं दिली. करार पक्का करायच्या सकाळी मी फोन करते, नेहमीसारखा. शेवटचं विचारायचं असतं, करू का पक्का? तिच्याच नंबरवर केला. मुलानं उचलला. म्हणाला, आई इथेच आहे. आई, हो म्हण. मागून आवाज आला, हो. मी फोन ठेवला आणि दुसऱ्या वकिलाला फोन लावला. घर विकलं गेलं. त्या दिवशी अजून तीन करार होते."

"हो म्हणाली ना पण."

"हो म्हण म्हटलं, म्हणून हो म्हणाली. ते मी तेव्हाच ऐकलं होतं."

*

मिलहाऊस टेरेसला सामान नेणारी माणसं बुटक्या भिंतीवर बसून पेस्ट्या खात होती. त्यांचं काम झालं होतं. क्लाइव्ह फुटपाथवर येरझारा घालत होता. कोपऱ्यावर नाझियाची व्हॅन दिसत होती, आणि काचेमागे सासूबाई, मांडीवर एक निळी बादली.

"तुम्ही वकीलबाई?" क्लाइव्ह म्हणाला. "फोनवर उंच वाटला होतात."

"ती कुठेय?"

"कुठे म्हणजे? आत. तिचं असंच असतं हो. दवाखान्यात न्यायचं तरी हेच. दोन मिनिटांत येईल म्हणून मी तासभर उभा आहे. इथून पीटरबरो किती लांब आहे माहीत आहे का तुम्हाला? शुक्रवारचा रस्ता!"

"तुम्ही बाहेर थांबा," गेनॉर म्हणाली.

"मी तिचा मुलगा आहे."

"म्हणूनच."

घरात पावलांचा आवाज मोठा येत होता. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. गेनॉर बैठकीच्या खोलीत क्षणभर उभी राहिली. तिनं वर छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे. कागदावर या घराभोवती तिनं हद्दीची लाल रेघ तेवढी पाहिली होती. तिच्या तोंडून हळूच निघालं, "लहान आहे."

मग तिनं स्वयंपाकघराचं दार वाजवलं.

"मिसेस ऑर्मरॉड? मी गेनॉर हेस्केथ. तुमची वकील."

आतून आवाज आला. "माझी? मला वाटलं क्लाइव्हची."

गेनॉरनं डोळे मिटले. उघडले. "तुमची," ती म्हणाली.

"कोण कोण आहे बाहेर?"

"मी आहे. आणि एजन्सीतली मुलगी. क्लाइव्ह रस्त्यावर आहे."

कडी निघाली.

मिसेस ऑर्मरॉड दारात उभी होती. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर. हात काळे. मागे स्वयंपाकघर रिकामं, फक्त एक स्टूल. आणि भिंतीपासून तिरकी ओढलेली गॅसची शेगडी, खाली ओव्हन असलेली, जड. ती तिनं एकटीनं ओढली होती. शेगडी घरासोबत विकलेली होती, म्हणून मागे राहिली होती.

"बघा," ती म्हणाली.

आम्ही शेगडीमागे पाहिलं. भिंतीवर, जमिनीवर, ओव्हनच्या पाठीवर तेलाचा जाड तपकिरी थर होता. त्यात केस, चुरा, एक कपड्यांचा चिमटा, एक काटा. कित्येक वर्षांचं सगळं.

"सकाळी सगळं नेलं त्यांनी," ती म्हणाली. "फडकी, ब्रश, बादली, साबण. मी म्हटलं ते राहू दे. क्लाइव्ह म्हणाला, आई, आता काय करायचंय त्याचं. व्हॅनच्या तळाशी आहे. कपाटामागे." तिच्या हातात एक रुमाल होता. अंगावरचाच, कडेला फुलं भरलेला. काळा झाला होता. "मी ही अशी देऊन जाणार नाही. उद्या ती बाई शेगडी ओढेल आणि म्हणेल, इथे राहत तरी कोण होतं?"

मी नाझियाला ओळखत होते. तिनं ती आजच ओढली असती.

"म्हणून कडी लावली होतीत?" गेनॉरनं विचारलं.

"तो आत आला असता तर त्यानं शेगडी परत ढकलली असती. आणि म्हणाला असता, झालं."

गेनॉरनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. मला वाटलं, झालं, एवढंच होतं. मलाही हसू आलं. पण तिचा चेहरा सुटला नाही.

तिनं कोट काढला. ठेवायला जागा नव्हती. दाराच्या मुठीला अडकवला.

"इमोजेन, बादली आण."

"कुठून?"

"मला काय माहीत. तू घरं विकतेस, बादली मिळव."

*

मी कोपऱ्यावरच्या व्हॅनकडे धावले. सासूबाईंनी काच खाली केली.

"किल्ल्या मिळाल्या?"

"अजून नाही, आँटी. बादली मिळेल का थोडा वेळ? साबण असेल तर साबणही. एका ठिकाणी जरा सांडलंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बादलीत पाहिलं. तारेच्या घासण्या, फडकी, हिरव्या साबणाची बाटली. सगळं त्यांनी सकाळपासून मांडीवर सांभाळलं होतं.

"परत आण हां," त्या म्हणाल्या. "नव्या घरात मी आधी बादलीच नेणार आहे."

"लगेच आणते."

"आणि पोरी, तारेनं घासताना जोर नको लावूस. टाइल्सवर चरे पडतात."

मी टाइल्सबद्दल काही बोलले नव्हते.

*

गेनॉर गुडघ्यावर बसली होती. मिसेस ऑर्मरॉड स्टुलावर बसून दाखवत होती, कुठे अजून राहिलंय. मी पाणी बदलत होते. नळाला गरम पाणी यायला वेळ लागायचा. "आधी थोडं वाहू द्यायचं," म्हातारी म्हणाली. "मग डावीकडे अर्धं. त्यांना सांगा हं."

"सांगते."

थराखालून फिकट हिरव्या टाइल्स निघायला लागल्या. मग जमिनीच्या सांध्यातून गेनॉरनं काहीतरी काळं खरवडून काढलं. पुसलं. डॉमिनोची सोंगटी होती. दोन आणि पाच ठिपक्यांची.

मिसेस ऑर्मरॉडनं ती हातात घेतली आणि खूप वेळ बघत राहिली.

"फ्रँक," ती म्हणाली.

"तुमचे यजमान?"

"यजमान हॅरी. फ्रँक शेजारचा. हॅरीनं आयुष्यभर त्याला चोर म्हटलं या सोंगटीपायी. मग बोलणंच सोडलं त्याच्याशी. फ्रँकच्या मयतालासुद्धा गेला नाही." तिनं सोंगटी स्वेटरच्या खिशात टाकली. "आता दोघंही नाहीत. सांगू कुणाला?"

बाहेर क्लाइव्हनं गाडीचा हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला.

गेनॉर आमच्याकडे पाठ करून भिंत घासत होती. तिनं वळून न बघता विचारलं.

"मिसेस ऑर्मरॉड, हे घर तुम्हाला विकायचं होतं का?"

मी बादली खाली ठेवली.

म्हातारीनं मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

गेनॉरचा हात थांबला.

"तो वरचा कोपरा राहिलाय," मिसेस ऑर्मरॉड म्हणाली.

गेनॉर वळली. जमिनीवर तशीच बसली. हातमोजे नव्हते, हात कोपरापर्यंत काळे. चष्मा नाकावर घसरलेला.

"ऐका," ती म्हणाली. "मी हे तुम्हाला महिन्याभरापूर्वी विचारायला हवं होतं. एकटीला. विचारलं नाही. करार झालाय, तो मोडता येतो, पण त्याचा त्रास होईल. घर घेणारी मंडळी तुमच्यावर दावा करतील. मुलगा चिडेल. माझ्यावरही येईल, येऊ दे. पण मी अजून फोन केलेला नाही. मी फोन करत नाही तोवर हे घर तुमचंच आहे. तुम्ही नको म्हणा, मी थांबवते. आत्ता."

तिचा आवाज फोनवरच्या आवाजासारखा नव्हता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

मिसेस ऑर्मरॉडनं तिच्याकडे पाहिलं. मग उघड्या दारातून पुढच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. खिडकीतून तिच्या सामानाच्या व्हॅनचं पाठचं दार दिसत होतं, साखळी लावून बंद केलेलं.

"माझा पलंग त्यात गेलाय गं," ती म्हणाली. "सगळ्यात आधी नेला. रात्री झोपू कशावर?"

"पलंग परत आणता येतो."

"कोण आणेल? ती पोरं?" भिंतीवरची माणसं आता पाय हलवत बसली होती. "त्यांनी जेवण केलंय. त्यांना वाटतंय काम झालं." तिनं मान हलवली. "आणि उद्या? उद्या क्लाइव्ह परत येणारच. परवाही येणार. तो हट्टी आहे. बापावर गेलाय. मी किती वेळा कडी लावू?"

गेनॉरनं मनगटानं चष्मा वर ढकलला.

"तेव्हा विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," म्हातारी म्हणाली. रागानं नाही. भाजी महाग झाली म्हणावं तसं. "आता पलंग गेला. चल, तो कोपरा कर. ती बिचारी व्हॅनमध्ये बसलीय तिकडे."

गेनॉर उठली नाही. मला वाटलं ती पुन्हा काही बोलेल. तिनं घासणी उचलली. वरचा कोपरा केला. मग खालचा, जो आधीच झाला होता, तो पुन्हा केला.

मिसेस ऑर्मरॉडनं वाकून पाहिलं. बोटानं टाइल पुसून पाहिली. बोट स्वच्छ होतं. मग तिनं बादली स्वतः धुतली, फडकं पिळलं आणि बादलीच्या काठावर नीट पसरलं. नळ बंद आहे की नाही दोनदा बघितलं. कोट घातला. आणि दार उघडून अंगणाच्या दिशेनं नाही, रस्त्याच्या दिशेनं ओरडली.

"क्लाइव्ह! आत ये. शेगडी जागेवर ढकल. तेवढं तरी कर."

क्लाइव्ह आला. "झालं का स्वयंपाकघरातलं संमेलन?" म्हणाला. त्यानं शेगडी ढकलली. मागे काय आहे ते पाहिलं नाही.

जाताना म्हातारी गेनॉरसमोर थांबली. "गुडघे पूस," ती म्हणाली. "ओले आहेत. थंडी धरेल."

मग ती गाडीत बसली. पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर. तिनं घराकडे वळून पाहिलं नाही. पट्ट्याचं टोक सापडत नव्हतं, तेच शोधत होती. गाडी कोपऱ्यावर वळली तरी शोधत होती.

गेनॉरनं फोन काढला. रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून तिनं आमच्या एजन्सीला फोन लावला. मी समोर होते, म्हणून पलीकडे हॉवर्डनं उचलला.

"किल्ल्या सोड," ती म्हणाली. तोच आवाज. बसका, संथ.

मी चार वर्षं माणसांच्या मनाबद्दल निबंध लिहिले होते. त्या क्षणी मला एकही वाक्य सुचलं नाही. मी बादली उचलली आणि परत द्यायला गेले.

"ओली आहे," सासूबाई म्हणाल्या. "सांडलेलं निघालं?"

"निघालं, आँटी."

*

गाडीत परतताना गेनॉर म्हणाली, "किती जणांचं असं झालं असेल?"

"तुला माहीत नव्हतं."

"मी विचारलं असतं तर माहीत झालं असतं."

पुढच्या आठवड्यात नाझिया किल्लीची नक्कल करायला आली होती. म्हणाली, "आम्ही शेगडी ओढली. मागे चकाचक! सासूबाई म्हणतात, ह्या बाईला भेटायला हवं होतं." मी गरम पाण्याचं सांगितलं. आधी वाहू द्यायचं, मग डावीकडे अर्धं.

गेनॉरनं त्या सोमवारी फर्मच्या मुख्य भागीदाराला जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "पण व्यवहार पूर्ण झालाय ना? तक्रार आहे का कुणाची?" ती म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मग?" हे तिनं मला बाकावर सांगितलं. तिच्या हातातली पेस्टी तशीच होती. कबुतरं वाट बघत होती.

मग तिनं एक गोष्ट सुरू केली. घर विकणारं माणूस म्हातारं असेल आणि त्याच्या वतीनं मुलंबाळं बोलत असतील, तर करार पक्का करण्याआधी ती त्या घरी जायची. बसनं. ॲक्रिंग्टनच्या बसेस टेकडीवर चढताना कुंथतात आणि हिवाळ्यात येतातच असं नाही. ती थांब्यावर उभी दिसायची, दोन्ही चष्मे गळ्यात, पायात जाड बूट. घरी गेली की ती घरच्या लोकांना बाहेर जायला सांगायची. कुणी विचारलं का, तर म्हणायची, "कायद्याचं काम आहे." मग दार लावून एकच प्रश्न विचारायची.

बहुतेक जण हो म्हणायचे. "अगं, कधीची वाट बघतोय," एक म्हातारा तिला म्हणाला, "जिना बघितला की मला रडू येतं. तू आणखी उशीर करू नकोस." ती त्या दिवशी हसत परत आली. थकलेली, पण हसत.

फर्मला हे परवडत नव्हतं. एका घरासाठी अर्धा दिवस जायचा. भागीदारानं तिला सांगितलं, आपण वकील आहोत, समाजसेवक नाही. आमचा हॉवर्डही चिडायचा. "तुझी मैत्रीण घरोघरी चहा पीत फिरतेय आणि माझ्या साखळ्या अडकल्यात. तिला सांग जरा." मी सांगितलं नाही. ईस्टरला तिनं निवृत्त व्हायचं, असं तिचं आणि फर्मचं ठरलं. तिनंच मागितलं की त्यांनी सुचवलं, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी माझा फोन वाजला. गुरुवार होता. किल्ल्यांचा दिवस नव्हता.

"इमोजेन," ती म्हणाली. मागे वाऱ्याचा आवाज. "वरच्या रस्त्यावरचं मिस्टर पिलिंगचं घर. दारातली 'विकणे आहे'ची पाटी काढून टाक."

"काढून? अगं, उद्या करार पक्का होणार आहे. हॉवर्डनं सगळ्यांना सांगितलंय."

"नाही होणार."

"काय झालं?"

"मी विचारलं," ती म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. हॉवर्ड रस्त्यापलीकडे कुणालातरी हात हलवत होता. त्याला अजून माहीत नव्हतं.

"आणि त्यांची सून?" मी विचारलं.

"ओरडतेय. इथून ऐकू येतंय. मी थांब्यावर आहे. बस गेली बहुतेक. पाटी काढायला येशीलच ना, तर मला खाली घेऊन जा. पाय दुखतायत."

मी कपाटातून हातोडी घेतली आणि गाडी काढली.